सतरा नंबरचा पाना

दूध मला पचत नाही, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, तिच्या लेखी मी ॲसिडिटीमुळे काळा चहा पितो. न सांगता ते ओळखणारा माणूस सबंध भिलाईत एकच : सेक्टर दहामधले आमचे शेजारी, जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर.

या माणसाला जगात एन्झाइमखेरीज दुसरं काही दिसतच नसे. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्यांना कोरडी पोळी चावत बसवायचे. "गिळू नका! लाळेतलं एन्झाइम काम करून राहिलं. आली गोडी?" गोडी यायची. मग स्वतः हात पुसायचा कागद तोंडात टाकून तितकाच वेळ चावायचे. "हा कावून गोड नाही होत? पोळीतला स्टार्च अन् हा कागद, दोन्ही साखरेच्याच माळा. पण ओवण वेगळी. एन्झाइम म्हणते, हे माप माझं नाही!" एकदा नवरीच्या बापाने हात जोडले, "सर, जिलेबी आहे हो, ती खा ना." एकदा घरच्या जेवणाला मटण मऊ व्हावं म्हणून मास्तरांनी कच्ची पपई लावली आणि पपईतल्या एन्झाइमवर बोलण्यात इतके रमले, की शेवटी ते मटण आम्ही वाटीने प्यायलो.

माझी मुलगी तिसरीत असताना दूध प्यायली की शाळेच्या वेळेला पोट धरून रडायची. बायकोला ते नाटक वाटे. मला कारण ठाऊक होतं. पण लहानपणी 'कच्च्या पोटाचा' म्हणून इतकं चिडवून घेतलं होतं, की मी पेपरात तोंड घालून बसायचो.

एका सकाळी रडणं ऐकून मास्तर आत आले आणि माझ्या कारखान्याच्या ड्युटीच्या पिशवीतून पाना उपसला. "सूनबाई, पोरगी नाटक नाही करून राहिली. सतरा नंबरचा पाना सतराच्याच नटले बसते. नट खोलला का पाना जसाचा तसा, दुसऱ्या नटले तयार. एन्झाइमचं बी तसंच. दुधातली साखर फोडणारा पाना हिच्या पोटात कमी पडते. तिले दही द्या. त्यातली बरीच साखर जिवाणूंनी आधीच संपवली असते."

"पण काका, आमच्या घरी तर कोणालेच असं नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडची खीर टाळून दह्याची वाटी पुसून खाणारा मी, वर्षानुवर्षं.

"असते एखाद्याले," म्हणत त्यांनी पाना पिशवीत ठेवला.

इतका बोलका माणूस आयुष्यात एकदाच गप्प बसला, तो माझ्यासाठी. आता ते जवळच बोरसीला मुलाकडे असतात. मी गेलो की न विचारता दही पुढे येतं. मुलगी कॉलेजात आहे. हॉस्टेलवर काळा चहा पिते आणि हसत म्हणते, "पप्पा, हे माझ्यातच कुठून आलं, काय माहीत!"

माझ्याकडून आलं, बेटा. एवढं एक वाक्य मी तिचं अजून देणं लागतो.