पाण्याची सुई आणि कानबाई

दर श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, मोडताना आमचे भाऊबंद माझी कथा सांगतात: जळगावच्या दवाखान्यात देवीने साध्या पाण्याचे औषध केले आणि आबांची, म्हणजे माझी, कंबर बरी झाली. ही कथा खोटी आहे. मी दरवर्षी भांडतो. कोणी ऐकत नाही, म्हणून लिहितो.

नव्वदीच्या दशकात शस्त्रक्रियेनंतरही माझ्या कण्यातली वेदना हटेना. देवी ऐकते की नाही, अशी शंका मनात घर करू लागली होती. पोटाच्या कातडीखाली औषधाचा पंप बसवून त्याची नळी कण्यात सोडायची, असे मुंबईचे तज्ज्ञ म्हणाले. पण आधी सुईने कण्यात औषध देऊन गुण येतो का, ते जळगावात पाहायचे होते. एखाद्या सुईत नुसते खारे पाणी असेल, हेही डॉक्टरांनी आधीच बजावले होते.

पहिल्या सुईच्या वेळी चुलतभाऊ नाना देवीचे कुंकू घेऊन हजर. माझ्या नावाने साऱ्या भाऊबंदांनी रोट केले होते. सुई दिल्यावर थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारले, "आबा, दुखणं कमी आहे?"

नाना कानाशी लागला, "नाही म्हणाल तर देवीची पत जाईल, आबा!"

"पार गेलं," मी म्हणालो. वेदना तसूभरही हलली नव्हती.

डॉक्टर गंभीर झाले. "यात औषध नव्हतंच. पाण्यानंच गुण येत असेल, तर पंप बसवता येणार नाही."

भाऊबंद जयजयकार करीत घरी गेले. मी खाटेचा गज आवळून भिंतीकडे तोंड करून पडलो. देवीची पत राखणारा मी कोण? स्वतःचीच लाज वाटली.

शेजारच्या खाटेपाशी साक्रीकडची एक म्हातारी नवऱ्याचे तोंड पुसत होती. ती उठली, गजावरची माझी बोटे तिने एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "भाऊ, दुखस तं दुखस म्हन. मायना म्होरे कसानी लाज?"

खरेच, आईपुढे कसली लाज? मी सर्वांदेखत रडलो. डॉक्टरांना बोलावून खरे सांगितले. पुढच्या सुईत औषध होते. मी कुणाचा आधार न घेता उठून बसलो. म्हातारीला सांगावे म्हणून वळलो, तर ती खाट रिकामी होती.

पंप नंतर मुंबईला बसला. पाण्यात देवी नव्हती, हे मी आजही ठासून सांगतो. ती शेजारच्या खाटेपाशी बसली होती. आता रोटापुढे हात जोडले की मी काही मागत नाही. "माय, दुखतं," एवढेच म्हणतो.