एका रात्रीच्या वाटेवरचं सासर

ये गं, जरा जवळ बस. तिकडे परदेशात बसून वाचणार आहेस, ठाऊक आहे मला, पण मनाने तरी बस! परवा फोनवर किती तोऱ्यात म्हणालीस, "आजी, दोन विमानतळांमधलं अंतर कंप्युटरवर लगेच दिसतं." दिसत असेल. तुझ्या आईचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे कुठे कंप्युटर होता?

माझं माहेर नांदगाव. आई आजारी असल्याचा निरोप आला की मी संध्याकाळची गाडी धरायची, रात्रीत तिच्या उशाशी. म्हणून माझा हट्ट होता, लेकीचं सासर एका रात्रीच्या वाटेवर हवं. तुझ्या बाबांचं स्थळ आलं न्यूयॉर्कचं. मी नाहीच म्हणणार होते. पण त्यांचं परतीचं तिकीट टेबलावर होतं, ते मी वाचलं. मुंबईहून निघायचं पहाटे दोनला, तिथे पोचायचं दुपारी एकला, तारीख तीच. अकरा तास! एसटीने नागपूरला जायलाही याहून जास्त लागतात. मी हो म्हणाले.

लग्नानंतर दोघांना विमानात बसवून आलो. दुपारी एकपासून मी शेजारच्या काकूंच्या फोनपाशी बसले. फोन येईना. तुझे आजोबा सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले, तर हसायलाच लागले.

"अगं, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दहाएक तास मागे चालतं. विमान अजून वरच असेल. वीसेक तास लागतात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस. पोरीला मुलगा आवडला होता."

त्या दिवशी त्यांना चहा आपल्या हाताने करून प्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काकूंनी भिंतीवरून हाक मारली. धावले. तिच्या बापाच्या कागाळ्या तोंडावरच होत्या, पण पलीकडे तुझी आई रडत होती. "आई, कधीच पोचलो होतो. तुमच्याकडे मध्यरात्र, काकूंना कुठे उठवायचं म्हणून जागी बसले. खूप लांब आहे गं हे."

मग काय बोलणार? म्हटलं, "कसलं लांब? एका रात्रीची तर वाट. हाक मार, आलेच." इतकी वर्षं तेच सांगत आले, आणि तीही ऐकून घेते.

पण तुला खरं सांगते, लांब आहे. आजोबांना आता फोनवरचं नीट ऐकू येत नाही. तू बोलतेस, ते नुसते "हो, हो" म्हणतात आणि मग मला विचारतात, "काय म्हणाली?" समोर बसलेल्याचं मात्र ओठांवरून बरोबर कळतं त्यांना. आईला सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल, तिच्यासाठी अडून राहू नकोस. तू ये बाई, लवकर ये.