ट्रोम्सो ते किर्केनेस, एक तास

आमच्या ह्यांचा माणसांपेक्षा आकड्यांवर विश्वास जास्त. हॉलंडच्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांपाशी वीस वर्षं केसाच्या जाडीचा हजारावा भाग मोजत बसलं की माणसाचं असं होत असावं.

मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर नॉर्वेच्या पार उत्तरेला, किर्केनेसला गेली. हॉलंडमध्ये राहून आम्हीही इतके सुधारलोय की पोटच्या पोरीला फोन करायचा तरी आधी तिच्या अजेंड्यात, म्हणजे डायरीत, जागा आहे का, ते विचारतो. म्हणून मार्चमध्ये तिने आपण होऊन सुचवलं तेव्हा मला खरंच वाटेना. ती कामासाठी ट्रोम्सोला येणार होती. आम्हीही तिथेच उतरायचं आणि पुढे तिच्या गाडीतून तिच्या घरी जायचं. वाट दहा-अकरा तासांची. एवढे तास पोरगी हाताशी, कुठल्या आईला नको असतील?

ह्यांना नको होते. ह्यांनी एका वेबसाइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. सरळ रेषेत जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर, उड्डाण साधारण एक तास. लगेच एक्सेल उघडलं आणि ‘वाचलेले तास’ नावाचा रकाना हिरवागार रंगवला. मी कुरकुर केली. मग ह्यांनी माझ्या कंबरदुखीचा विषय काढला आणि मी गप्प बसले. लेकीपेक्षा कंबरेचं ऐकलं मी, दुसरं काय. मुलीला कळवलं तर ती नुसतं ‘ओके’ म्हणाली आणि आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी एकटीच गाडी घेऊन परत गेली.

उड्डाण अगदी एका तासाचंच निघालं. फक्त त्याआधी किर्केनेसला वारा सुटला होता आणि वेबसाइटला वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ट्रोम्सोच्या विमानतळावर आम्ही सात तास बसलो. तिखटमिठाच्या पुऱ्या तिसऱ्या तासाला संपल्या, बोलणं त्याच्याही आधी.

संध्याकाळी तिच्या घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच परतीचं विमान होतं, कारण वाचलेल्या तासांतून ह्यांनी एक रजाही वाचवली होती. जेवायला बसल्यावर ह्यांनी विचारलं, जावईबापू कुठे दिसत नाहीत. आमच्या मराठीला एरवी डचमध्ये उत्तर देणारी पोरगी ताटाकडे बघत मराठीत म्हणाली, “आम्ही वेगळे झालोय, बाबा. गाडीत सांगणार होते.”

मला संताप आला, ह्यांचा आणि त्याहून जास्त माझा. कधीपासून, एवढंच मी विचारू शकले.

“दिवाळीच्या आधीपासून.”

दिवाळीत आम्ही तिला व्हिडिओ कॉल केला होता. नवरा आंघोळीला गेलाय, म्हणाली होती. आणखी काहीतरी बोलायला लागली होती, पण माझ्या चकल्या तेलात होत्या, म्हणून पाच मिनिटांत मीच फोन आवरता घेतला.