तिसऱ्या भागानंतर

शरद गेल्याचा फोन त्याच्या गुजराती सुनेने, हेतलने केला. माझ्याशी एरवी आवर्जून मराठीत बोलणारी ती मुलगी "काका, पप्पा गया…" एवढंच म्हणाली. मी वासण्याला त्याच्याकडे पोचलो तेव्हा घर भरलं होतं, आणि जो तो शरद आपल्याला किती जवळचा होता ते सांगत होता. मला ते ऐकवत नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातल्या नोंदी दुरुस्त करायचो. तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, मी ग्रंथपाल. पाश्चात्त्य संगीत हा माझा प्रांत. बडोद्यात तबकड्या मुश्किलीने मिळायच्या तेव्हापासूनचा. एका सिंफनीच्या नोंदीत लिहिलं होतं, 'तिसऱ्या भागाचा शेवट अंतिम स्वरूपाचा असून चौथा भाग त्यानंतर अंतिम आहे.' एकूण भाग तीन की चार, वाचणाऱ्याला कळेना. मी खपून एक भारदस्त परिच्छेद लिहिला. शरद हसला. "ग्रंथपालसाहेब, कपाटात ठेवायला छान आहे. वाचायचं कोणी?"

त्याची एक पद्धत होती. हेतल वालपापडी निवडायला बसली की तो तिला नोंद वाचून दाखवायचा. तिने मान वर करून "एटले?", म्हणजे काय, असं विचारलं की वाक्य बाद. माझा परिच्छेद दुसऱ्याच ओळीला गेला. मग त्याने लिहिलं, 'तिसरा भाग इतक्या जोशात संपतो की सिंफनीच संपली असं वाटतं. श्रोते कधी कधी टाळ्याही वाजवतात. पण एक संथ भाग अजून बाकी असतो.' हेतल पापडी निवडत राहिली. ही सिंफनी त्याने जेमतेम एकदा ऐकलेली… मला त्या वाक्यांचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त हेतलचा. इतकी वर्षं त्याने लिहिलेलं पहिल्यांदा वाचणारा मी होतो.

परवा गेलो तर त्याच्या खोलीत तीच सिंफनी चालू होती. हेतल कपड्यांच्या घड्या घालत होती. "पप्पा गेले तेव्हापासून रोज लावते," म्हणाली. मी खाटेच्या कडेला टेकलो. तिसरा भाग दणदणत संपला. पुढचं मला सोसवणार नव्हतं. मी उठलो, चपला शोधू लागलो.

"बसा ना काका," ती हातातली घडी तशीच धरून म्हणाली. "संपलं नाही अजून. एक भाग आहे, हळू."

मला हे ठाऊक नसेल असं तिला वाटलं. मी तसंच वाटू दिलं, आणि बसलो.