कोल्हापुरातला जामीन

लेथ घ्यायचं मनात आलं तेव्हा मला कोल्हापुरात येऊन बरीच वर्षं झाली होती. सातवीत शाळा सुटली, आणि चंदगडकडचं घर सोडून मी इथल्या एका कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, लोखंड कातायचे तीन लेथ आणि छताखालच्या एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी ते सगळे फिरवणारं एक ऑइल इंजिन. हत्यार धरायला मला मालकांनीच शिकवलं.

एक जुना लेथ विकायला निघाला होता. रोख पैसे माझ्याकडं कुठले? बँकेत गेलो तर त्यांना तारणाला घर हवं. माझं घर डोंगरात, तेही चुलत्याच्या नावावर. सावकाराला सोनं पाहिजे. भिशीत नंबर लागेपर्यंत लेथ कुणीतरी उचलून नेणार. राहिली हप्त्यानं मशीन देणारी कंपनी. थोडी रक्कम आधी भरायची, तेवढी मी साठवली होती. बाकीचे हप्ते, आणि शेवटचा फिटेपर्यंत लेथ कंपनीच्या नावावर. फक्त कोल्हापुरातला जामीन हवा, तोही शनिवारपर्यंत.

मालकांना विचारायची छाती होईना. त्यांचंच काम सोडायचं आणि वर त्यांचीच सही मागायची? म्हणून त्यांना कळू न देता मी खानावळवाल्याकडं गेलो, मग लोखंडाच्या दुकानदाराकडं. दोघांनी चहा पाजला आणि एकच विचारलं, "तुझा मालक का न्हाय राहत जामीन?"

"त्यांना विचारलंच न्हाय," मी म्हणायचो. त्यावर ते नुसते हसायचे. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही. इथं कामगाराचा पहिला जामीन त्याचा मालक. त्याला सोडून दुसरीकडं गेलं की लोक धरून चालतात, मालकानं नाकारलं असणार. म्हणजे खोट एकतर पोरात, नाहीतर मालकात.

शुक्रवारी सकाळी मालक शेडच्या दारातच उभे होते.

"या पावणं, या! बसायला पाट देऊ काय?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पावणं म्हटलं नव्हतं.

"सगळी पेठ फिरून आलासा म्हणं. माझं दार तेवढं दिसलं न्हाय व्हय?"

"मालक, तुमचं काम सोडून जायचं, म्हणून..."

"सोड म्हणून कुणी सांगितलं? आणि लेथ कशावर फिरवणार? इंजिन हाय?"

"न्हाय."

"मग त्येला आणि दुसरा जामीन हुडकणार की काय? लेका, माझ्या शाफ्टचं टोक रिकामं पडलंय. तिथं मांड, पट्टा चढव. तेलाचा वाटा दे. माझं काम आधी, मग तुझं."

शनिवारी त्यांनी सही केली. येताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पोराला जामीन राहून आलो बघा." मी खाली मान घालून मागून चाललो होतो.

लेथवर कंपनीच्या नावाची पितळी पट्टी होती. खंडेनवमीला मालकांनी हळदकुंकू लावलं ते आधी त्या पट्टीला. म्हणाले, "अजून त्येंचाच हाय की."

शेवटचा हप्ता फिटला तेव्हा पट्टी काढायची होती. पेचकस हातात घेतला, पण पट्टीला लावला नाही. आधी मालकांना बोलवायला गेलो.