रोही, रायफल आणि सासूबाईंची साक्ष

आमच्या घराण्यात कुणी कधी शिकार केलेली नाही. तरीही पेनसिल्व्हेनियातल्या शिकाऱ्यांच्या बाजूनं आमच्या घरातून एक भाषण झालेलं आहे, आणि त्याचं भाषांतर मी केलं होतं. निदान सुरुवात तरी मी केली होती.

स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून अर्ध्या तासावर, सरकारी जंगलाला लागून आमचं घर आहे. घर विकताना एजंटनं 'मागे जंगल' हे खास वैशिष्ट्य म्हणून सांगितलं होतं. जंगलात हरणं असतात आणि हरणांमागे बंदूकवाले असतात, हे वैशिष्ट्य आम्हाला नोव्हेंबरात कळलं. माझी बायको केतकी सकाळी मागच्या पायवाटेनं फिरायला गेली असताना जवळच कुठेतरी बार उडाला. ती चिखलात पालथी पडली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. घरी आली ती "हे बंद झालं पाहिजे" म्हणतच. मी स्वेटरचा चिखल धुतला आणि "अगदी बरोबर" म्हणालो.

आता शेजारी. डेल हा निवृत्त मेकॅनिक. आमची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली तेव्हा न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस. त्याचा गुडघा कामातून गेलाय, त्यामुळे लांबच्या डोंगरात त्याला चढवत नाही. घरामागचं जंगल हीच त्याची शिकारीची जागा. पहिल्या वर्षी त्यानं प्रेमानं हरणाचं मांस आणून दिलं. आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "डॉक्टरांनी सांगितलंय का?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात राज्य सरकारनं दोन प्रस्ताव आणले. एक, वस्तीजवळची सरकारी जंगलं शिकारीला बंद करायची. दोन, बंदुका घरात आणि गाडीत कुलपातच ठेवायच्या. आमच्या गावात त्यावर हिअरिंग, म्हणजे जनसुनावणी, ठरलं. डेल कुंपणाशी आला.

"सॅम (म्हणजे मी, समीर), आधी जंगल जाईल, मग रायफल जाईल. तू काही बोलू नकोस. फक्त माझ्या बाजूला येऊन बस."

"ऑफ कोर्स," मी म्हणालो. ट्रॅक्टर आठवत होता.

संध्याकाळी केतकी म्हणाली, "मी हिअरिंगला बोलणार आहे. तू माझ्या बाजूला बसशील ना?"

"ऑफ कोर्स." चिखलही आठवत होता.

त्याच दिवसांत सासूबाई वर्ध्याहून आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणतो. त्यांनी परसात मेथी लावली आणि ती हरणांनी खाल्ली. तेव्हापासून त्यांचं आणि डेलचं कुंपणाच्या दोन बाजूंनी छान जमलं होतं. त्या वऱ्हाडीत हरणांना शिव्या द्यायच्या, तो इंग्रजीत द्यायचा. भाषेची अडचण दोघांनाही कधी जाणवली नाही.

हिअरिंग फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होतं. डावीकडे नारिंगी जॅकेटवाले शिकारी, उजवीकडे हिरव्या टी-शर्टवाले शिकारीचे विरोधक. केतकी हिरव्या टी-शर्टात पुढच्या रांगेत बसली. आईंनी हॉलभर नजर फिरवली, "आपला डेल कुठं हाय?" म्हणाल्या आणि सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. लेक उजवीकडे, आई डावीकडे. मी मागे कॉफीच्या टेबलाजवळ उभा राहिलो. तिथून दोन्ही बाजू सारख्याच लांब पडत होत्या.

केतकी छान बोलली. बार, चिखल, भीती. आवाज न चढवता. हिरव्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही कप खाली ठेवून वाजवल्या. मग डेल उठला. वडिलांनी याच जंगलात शिकवलं, गुडघा असा आहे, आमची पिढी गेली की ही रीतच जाईल, असं तो म्हणाला. नारिंगी बाजूनं टाळ्या वाजल्या. मी पुन्हा कप खाली ठेवला.

आईंनी मला हातानं जवळ बोलावलं. "जावईबापू, हा काय म्हणते?"

"जंगल बंद करू नका म्हणतो."

"मंग बरोबरच म्हणते." आणि त्यांनी हात वर केला.

समितीच्या अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या एक बाई, हसल्या. "यांना बोलायचंय? भाषांतर कोण करेल?" डेलनं माझ्याकडे बोट दाखवलं.

आईंनी पदर खोचला आणि माइक हातात घेतला. "माह्या मालकाजवळ बंदूक होती. पीक राखाची, लायसनची. वावरात घोड्याएवढे रोही यायचे, रानडुक्कर यायचे, उभी तूर लोळवून जायचे. मी जन्मात मांसाले शिवली नाही. पण ज्याचं पीक खाल्लं जाते त्याले इचारल्याबिगर बंदूक काढून घेऊ नये. इलेक्शन आलं का बंदूक ठाण्यात जमा करा लागे. अन् डुकरायले काही आचारसंहिता लागू नव्हती."

मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. केतकी माझ्याकडेच पाहत होती. शेजारी पाहिलं, तर डेल आशेनं पाहत होता.

"त्या म्हणतात," मी माइक घेऊन इंग्रजीत सांगितलं, "की त्यांना निसर्ग आवडतो."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढंच? त्या बऱ्याच बोलल्या."

"मॅडम, मराठी जरा पसरट भाषा आहे."

केतकी उठली. हिरव्या टी-शर्टात, सगळा हॉल ओलांडून नारिंगी बाजूला आली आणि माझ्या हातातला माइक घेतला. "ही माझी आई आहे," ती म्हणाली. "मला तिचं म्हणणं पटत नाही. पण ती जे बोलली, ते मी सांगते." आणि तिनं शब्द न् शब्द सांगितला. डुकरांच्या आचारसंहितेपाशी शिकारी हसून हसून टाळ्या वाजवायला लागले.

"टाळ्या काहून वाजवून राह्यले?" आई म्हणाल्या. "माहं झालं नाही. बंदूक मालकाची होती, पण कपाटाले कुलूप होतं अन् किल्ली माह्या कमरेले. ही केतकी तवा रांगत होती. मालक किल्ली मागाले आले का मी आधी इचारो, कुठं चालले, तिकडं कोन हाय. वस्तीकडं तोंड करून बार काढाचा नाही म्हणजे नाही."

घरात बंदूक होती हे केतकीला ठाऊक होतं. किल्लीचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. माइक धरलेला हात तिनं एकदा खाली घेतला, आईकडे पाहिलं, आणि मग सावकाश भाषांतर केलं. या वेळी टाळ्या उजवीकडून आल्या. डावीकडे डेलनं मान हलवली आणि एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे यांचा प्रस्तावांना पाठिंबा आहे की विरोध?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

केतकीनं विचारलं. आई म्हणाल्या, "ह्यायले म्हणा, हे दोन प्रश्न येगळे हाय. एका दमात काहून इचारता?"

अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि सर, तुमची भूमिका?"

दोन्ही रंगांची सगळी डोकी माझ्याकडे वळली. डेल पाहत होता. केतकी पाहत होती. आईही पाहत होत्या.

"मी," मी म्हणालो, "दोघींना ड्राइव्ह करून आणलंय."

त्या संध्याकाळी अख्खा हॉल एकदमच हसला, असं एकदाच झालं.

पुढे जंगल शिकारीला खुलं राहिलं, फक्त घरांमागचा पट्टा आणि केतकीची पायवाट त्यातून वगळली. उरलेल्या जंगलात जायची डेलची वाट आता आमच्या परसातून आहे. ती केतकीनंच देऊ केली. कुलपाचा प्रस्ताव अजून राजधानीत अडकलाय, पण डेलनं कपाट आणलंय.

गावच्या पेपरात फोटोही आला. माइकसमोर मायलेकी, आणि कडेला कुणाचा तरी कोपर. खाली ओळ होती: 'साक्ष देताना आई आणि मुलगी, सोबत त्यांचा ड्रायव्हर.' आईंनी तो फोटो वर्ध्याला सगळ्यांना पाठवला. तिकडून एका मावशींचा लगेच फोन आला: अमेरिकेत ड्रायव्हर ठेवणं परवडतं का?