वरणाची बादली

देवणीत कुणाच्याही घरी लग्न असो की बारसं, पंगतीत वरणाची बादली आमच्या पप्पांच्याच हातात असायची. नोकरी शाळेत मास्तरची, पण सुटीच्या दिवशी माणूस घरात सापडेल तर शपथ. सगळ्यांना वाढून झालं की उरलंसुरलं उभ्यानंच खायचे. वर्गातल्या मुली मला 'बादलीवाल्याची पोरगी' म्हणून चिडवायच्या, तेव्हा मला राग पप्पांचाच यायचा.

माझ्या लग्नाची पंगत विहारासमोर बसली. गल्लीतल्या पोरांनी पप्पांना दटावून पहिल्याच पंगतीत बसवलं. दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच ते ओरडले, "अरे, त्या टोकाला वरण न्हाई पोचलं!" आणि हात धुऊन बादली घ्यायला उठलेच.

नांदेडहून आलेले माझे चुलत सासरे माझ्या शेजारीच जेवत होते. त्यांच्या ताटात वरण पडलं. वाढणाऱ्याकडं न बघताच ते मला म्हणाले, "पोरी, व्याही कुठं दिसंनात. तुझे पप्पा कोणते?"

नव्या सासरची भीडभाड न ठेवता, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं मी सांगितलं, "हे काय, बादलीवाले!"